कुत्र्याने चॉकलेट खाल्लं आणि चार तास काहीच झालं नाही (अनुभव आणि चर्चा)

रानजाई | सोमवार, रात्री ८.१०

काजळ काल रात्री दवाखान्यातून घरी आली. आत्ता माझ्या पायाशी झोपली आहे. पुढच्या पायावर सलाईनच्या सुईसाठी केस भादरलेत, तेवढा चौकोन सोडला तर काही घडलं होतं असं कुणाला वाटणारही नाही. पण घडलं, आणि त्यातलं निम्मं टाळणं माझ्या हातात होतं. म्हणून हा धागा काढतेय.

काजळ सहा वर्षांची, नऊ किलोची. शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला मी घरी आले तर सोफ्याखाली चॉकलेटचा फाटका कागद. १०० ग्रॅमची वडी, ७० टक्के कोकोची. माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात होती, चेन लावलेली. ती चेन तिने दातांनी उघडली होती. उरलेले तुकडे गोळा करून काट्यावर ठेवले, ४० ग्रॅम भरले. म्हणजे ६० ग्रॅम पोटात. तिच्या मिशीला चांदीच्या कागदाचा कपटा चिकटला होता आणि शेपटी नेहमीसारखी हलत होती.

त्या शेपटीवर मी विश्वास ठेवला. चॉकलेट कुत्र्यांना चालत नाही हे ऐकून होते, पण 'चालत नाही' म्हणजे पोट बिघडेल, एवढीच माझी समजूत. ओळखीच्या एका गृहस्थांना फोन केला, त्यांच्याकडे कित्येक वर्षं कुत्री आहेत. ते म्हणाले, दूध पाजा, काही होत नाही. मी दूध पाजलं. सात वाजले, आठ, नऊ, दहा. ती जेवली, चेंडू आणून दिला, दारातल्या आवाजावर भुंकली.

साडेदहाला पाण्याचं भांडं रिकामं केलं. भरून ठेवलं, तेही संपवलं. मग घरभर फेऱ्या सुरू झाल्या. दिवा घालवून मी पडले तर फरशीवर नखांचा टक् टक् टक् आवाज, या खोलीतून त्या खोलीत, थांबायचं नाव नाही. बाराला पहिली उलटी, तपकिरी, खोलीभर चॉकलेटचा वास. शू आवरेना, चालता चालता होत होती. एकच्या सुमारास मांडीवर घेतलं तर हाताखाली हृदय असं पळत होतं की एक ठोका दुसऱ्यापासून वेगळा करता येईना. पाय काठीसारखे ताठ, आणि मांडीचे स्नायू कातडीखाली थडथड उडत होते.

दीडला रात्री उघड्या असलेल्या दवाखान्यात पोचलो. ठोके मिनिटाला २१०. सुई, सलाईन, स्नायू सैल करणारं इंजेक्शन, ठोके आवरायचं औषध, लघवीला नळी. डॉक्टरांनी हात चालवता चालवता विचारलं, "किती वाजता खाल्लं?" मी सांगितलं. "मग सातलाच का नाही आणलंत?" आवाजात राग नव्हता. उत्तर एकच होतं, ती बरी दिसत होती.

ज्या चार तासांत मी 'काही झालं तर बघू' म्हणत बसले होते, त्याच तासांत ते पोटातून बाहेर काढता आलं असतं. दोन रात्री ती तिथे राहिली. कुणाच्या घरी असं घडलं तर त्यांनी ते चार तास वाया घालवू नयेत, म्हणून हे सगळं वेळेसकट लिहिलं.

भटकभवानी | सोमवार, रात्री ८.३२

वाचताना पोटात गोळा आला. काजळला खूप खूप प्रेम. नखांच्या आवाजाचं लिहिलंयस ना, ते डोक्यातून जाणार नाही आता.

एक विचारते. आमच्या लॅब्रॅडॉरने काल सकाळी मिल्क चॉकलेटची ४० ग्रॅमची वडी खाल्ली. तो ३० किलोचा आहे. आज रात्रीपर्यंत ठणठणीत आहे. मी घाबरू का?

प्राणिवैद्य | सोमवार, रात्री ९.०५

रानजाई, वेळा लिहिल्यात हे फार बरं केलंत. मी पशुवैद्य आहे, लहान प्राण्यांची प्रॅक्टिस. तुमच्या डॉक्टरांनी जे केलं ते योग्यच होतं. तुम्हाला जे नंतर कळलं ते इथल्या सगळ्यांना आधी कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन आणि त्याचा भाऊबंद कॅफीन अशी दोन द्रव्यं असतात. शरीरात अडेनोसिन नावाचा एक निरोप्या सतत 'आता शांत हो' असं सांगत असतो, ही दोन्ही द्रव्यं त्याची जागा अडवून बसतात. मग मेंदूला आणि हृदयाला लगाम राहत नाही, मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत सुटतात. काजळचं पाणी पिणं, शू, फेऱ्या, धावणारं हृदय, हे सगळं एकाच धाग्यात येतं.

माणसालाही हेच होईल, पण आपलं यकृत थिओब्रोमिन लवकर मोडतं. आपल्या रक्तातलं प्रमाण सहा ते दहा तासांत निम्म्यावर येतं, कुत्र्यात त्याला साधारण १७.५ तास लागतात. म्हणजे तीन दिवसांनी, चारदा निम्मं झाल्यावर, सोळावा हिस्सा तरीही उरलेला असतो. गंभीर केसमध्ये लक्षणं ७२ तासांपर्यंत रेंगाळतात ती यामुळे. आणि लक्षणं उशिरा दिसतात, बहुतेकदा ६ ते १२ तासांत, काहींत त्याआधी. रानजाईंचे चार शांत तास अपवाद नव्हते, नेहमीचंच चित्र आहे ते.

आता आकडे. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे २० मिलिग्रॅम पोटात गेलं की उलटी, जुलाब, अस्वस्थपणा. ४० ते ५० ला हृदय बिघडतं. ६० च्या पुढे झटके. पांढऱ्या चॉकलेटमध्ये हे द्रव्य जवळजवळ नसतंच. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये साधारण २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ ते ८, बेकिंगच्या बिनसाखरेच्या वडीत १४-१५, आणि कोको पावडरमध्ये २० ते २८.

काजळचा हिशेब करू. ७० टक्क्यांच्या डार्कमध्ये ग्रॅमला ८ धरले तर ६० ग्रॅममध्ये ४८० मिलिग्रॅम थिओब्रोमिन, वर साधारण ४८ कॅफीन. एकूण ५२८, भागिले ९ किलो. किलोमागे ५९. झटक्यांच्या उंबरठ्यावर होती ती.

भटकभवानी, तुमच्या लॅब्रॅडॉरचं: ४० ग्रॅम गुणिले २ म्हणजे ८०, थोडं कॅफीन, भागिले ३०. किलोमागे तीनच्या आसपास. दीड दिवस झालाय, तो सुखरूप आहे. कागद मात्र एकदा उलटून बघा. मनुके किंवा झायलिटॉल असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवावा लागतो.

भटकभवानी | सोमवार, रात्री ९.११

कागद कचऱ्यातून काढला. साधं मिल्क चॉकलेट, काही नाही त्यात. हुश्श. डॉक्टर, खरंच आभार. पण झायलिटॉलचं काय ते सांगा ना.

प्राणिवैद्य | सोमवार, रात्री ९.२४

झायलिटॉल ही 'शुगर फ्री' चॉकलेटं, च्युइंगगम, काही पीनट बटर यांत वापरली जाणारी गोडी. माणसाला निर्धोक. कुत्र्याच्या स्वादुपिंडाला ती साखरच वाटते, इन्शुलिनचा लोंढा सुटतो आणि रक्तातली खरी साखर कोसळते. कधी कधी दहा मिनिटांत, बहुधा तासाभरात. किलोमागे ०.१ ग्रॅमलाही साखर पडू शकते, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होण्याचा धोका. पाकिटावर 'बर्च शुगर' किंवा 'ई ९६७' असंही छापलेलं असतं. लडखडणं, गळून पडणं दिसलं तर इथे लिहीत बसू नका, गाडी काढा.

जुनाजाणता | सोमवार, रात्री ९.५०

धाग्याच्या विरोधात नाही, पण माझाही अनुभव मांडतो. आमच्याकडे चाळीस वर्षं कुत्री आहेत. आधीच्या तिघांना आम्ही रोज चहाच्या वेळी चॉकलेटच्या बिस्किटाचा तुकडा द्यायचो. तिघंही म्हातारी होऊन गेली. मग हे विष म्हणायचं कसं?

प्राणिवैद्य | सोमवार, रात्री १०.१५

काका, तुमचा अनुभव खरा आहे, आणि हिशेबातही बसतो. बिस्किटावरच्या पातळ थरात मिल्क चॉकलेट असतं एखाद-दोन ग्रॅम, म्हणजे चारेक मिलिग्रॅम. वीस किलोच्या कुत्र्याला ते जाणवणारही नाही. पण त्याच घरात कोको पावडरचा डबा त्याच कुत्र्यापुढे सांडला असता तर? लोक म्हणतात "आमच्याने खाल्लं होतं, काही झालं नाही", तेव्हा ते कुठलं चॉकलेट, किती ग्रॅम, कुत्रा किती किलोचा, यातलं काहीच सांगत नाहीत. मग ऐकणारा तेवढंच घेऊन जातो, आणि डार्कची वडी खाल्लेल्या नऊ किलोच्या कुत्रीला दूध पाजलं जातं. सवय लागण्याचाही प्रश्न आहेच. रोज ज्याला तुकडा मिळतो तो डब्याचा वास विसरत नाही.

जुनाजाणता | सोमवार, रात्री १०.२१

पटलं. मीही आजवर अनेकांना "काही होत नाही" असंच सांगत आलो. ते आता बंद.

परीक्षानळी | सोमवार, रात्री १०.४०

रसायनशास्त्र शिकवतो म्हणून एक छोटी भर. थिओब्रोमिन या नावात 'ब्रोमिन' ऐकून मुलं नेहमी फसतात, त्यात ब्रोमिनचा एकही अणू नाही. नाव आलंय कोकोच्या झाडाच्या थिओब्रोमा या शास्त्रीय नावावरून. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते १७५३ मध्ये छापलं, अर्थ 'देवांचं अन्न'. द्रव्य वेगळं काढलं गेलं १८४१ मध्ये. कॅफीनच्या रेणूत तीन मिथाइल गट, यात दोन, एवढाच फरक.

कामाचं म्हणजे डॉक्टरांचा हिशेब भिंतीवर लावता येईल असा उलटा मांडून बघितला. किलोमागे २० मिलिग्रॅम ही रेषा धरली, तर दहा किलोच्या कुत्र्याला मिल्क चॉकलेट १०० ग्रॅम लागतं, ७० टक्के डार्क फक्त २५ ग्रॅम, आणि कोको पावडर जेमतेम ७ ते १० ग्रॅम, म्हणजे फार तर दोन मोठे चमचे. बरोबर का डॉक्टर?

प्राणिवैद्य | सोमवार, रात्री १०.५२

बरोबर. फक्त ती रेषा 'इथवर चालेल' अशी वाचू नका. पिल्लू, म्हातारा कुत्रा, हृदयाचा किंवा फिट्सचा त्रास असलेला, यांचं आधीच बिघडू शकतं. रेषेच्या निम्म्यावर असाल तरी फोन करा. आणि घरात दोन कुत्री असतील तर सगळं एकानेच, त्यातही लहानाने, खाल्लं असं धरून भागाकार करायचा. कोण चोर ते चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

बोकोबा | सोमवार, रात्री ११.०५

मांजरांना पण होतं का? आमचा बोका चॉकलेटकडे ढुंकून बघत नाही.

प्राणिवैद्य | सोमवार, रात्री ११.१२

विष त्यांनाही तेच. पण मांजरांना गोड चवच कळत नाही, त्यासाठी लागणारं जनुक त्यांच्यात निकामी आहे. म्हणून ती सहसा वाट्याला जात नाहीत. चॉकलेट आइस्क्रीम मात्र दुधाच्या चरबीपायी चाटतात, ते उघडं ठेवू नका.

नवखा_पालक | मंगळवार, रात्री ८.४८

कृपया कुणी असेल तर लगेच उत्तर द्या. आमच्या पगने कोको पावडर खाल्ली. ओट्यावरून पाकीट खाली पाडलं. दहा मिनिटांपूर्वी. तोंड सगळं तपकिरी. वजन ७ किलो. आत्ता एकदम नॉर्मल आहे. बायको म्हणतेय मिठाचं पाणी पाजून उलटी काढू, मीठ कालवलंय. पाजू का?

रानजाई | मंगळवार, रात्री ८.४९

मीठ पाजू नका. आधी दवाखान्यात फोन लावा, स्पीकरवर ठेवा, मग इथे बघा.

प्राणिवैद्य | मंगळवार, रात्री ८.५१

मिठाचं पाणी अजिबात नाही. तो पेला ओतून टाका. उलटी झाली नाही तर मीठ रक्तात जातं, सोडियम चढतं आणि त्यानेच झटके येऊन कुत्रा दगावू शकतो. घशात बोटंही घालू नका. पग चपट्या नाकाचा आहे, घरी उलटी काढताना ती श्वासनलिकेत जायची भीती त्याला सगळ्यांत जास्त.

नवं पाकीट होतं का? किती ग्रॅमचं? उरलेलं आणि सांडलेलं भरून स्वयंपाकघराच्या काट्यावर ठेवा.

नवखा_पालक | मंगळवार, रात्री ८.५६

मीठ ओतलं. पाकीट २०० चं होतं, आज एक चमचा वापरला होता. आता सगळं मिळून १८५ भरतंय. फोन लागलाय, ते म्हणतायत घेऊन या, २० मिनिटांवर आहे.

प्राणिवैद्य | मंगळवार, रात्री ८.५८

एक चमचा ५ ग्रॅम वजा केला तर १० ग्रॅम त्याच्या पोटात. २०० ते २८० मिलिग्रॅम. किलोमागे २९ ते ४०. निघा. पाकीट सोबत घ्या. खाल्ल्याची वेळ ८.३५ ते ८.४० अशी कागदावर लिहून घ्या, तिथे गेल्यावर आठवत नाही. गाडीत त्याला काहीही पाजू-भरवू नका. तुम्ही वेळेत आहात.

नवखा_पालक | मंगळवार, रात्री ८.५९

निघालो

भटकभवानी | मंगळवार, रात्री ९.२०

सारखं पान ताजं करून बघतेय. कळवा हो कुणीतरी.

परीक्षानळी | मंगळवार, रात्री ९.४४

डॉक्टर, तोवर एक शंका. हायड्रोजन पेरॉक्साइड पाजून उलटी काढतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्याचं खरं काय?

प्राणिवैद्य | मंगळवार, रात्री १०.०२

३ टक्क्यांचं पेरॉक्साइड कधी कधी वापरलं जातं हे खरं. मात्रा मी इथे मुद्दाम लिहिणार नाही. ते जठराच्या आतल्या अस्तराला भाजल्यासारखं करतं, जखमा होतात. बाटली जास्त तीव्रतेची असेल तर विचारायलाच नको. दवाखाना खूप लांब असेल, खाऊन थोडाच वेळ झाला असेल, कुत्रा पूर्ण शुद्धीवर असेल, नाक चपटं नसेल, आणि फोनवर डॉक्टर स्वतः "आता इतकं द्या" म्हणत असतील, तरच. मांजरांना कधीच नाही. थरथर सुरू झाली असेल तर कुणालाच नाही, कारण तेव्हा उलटी फुप्फुसात जाते.

दवाखान्यात आमच्याकडे उलटीचं इंजेक्शन असतं, अपोमॉर्फिन, किंवा डोळ्यात घालायचे थेंब. काही मिनिटांत पोट रिकामं होतं आणि लगेच उलटी थांबवणारं औषधही देता येतं. चॉकलेट जठरात वितळून गोळा होऊन बसतं, हळूहळू पुढे सरकतं. म्हणून चार-सहा तासांनीही बरंच बाहेर येऊ शकतं. "आता उशीर झाला, जाऊन काय उपयोग" असं म्हणून कुणी घरी थांबू नये.

पुढची पायरी ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे पोटातलं विष धरून ठेवणारी औषधी कोळशाची पूड. थिओब्रोमिन पित्तावाटे पुन्हा आतड्यात येतं आणि पुन्हा शोषलं जातं, ही फेरी तोडायला चारकोल एकापेक्षा जास्त वेळा द्यावा लागतो. जळका टोस्ट किंवा घरातला कोळसा म्हणजे चारकोल नव्हे. दुधाने विष उतरत नाही, तेल पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

रानजाई | मंगळवार, रात्री १०.१५

लघवीच्या नळीचं मला आधी कळलंच नव्हतं. मला वाटलं ती हलू शकत नाही म्हणून घातली असेल. तिथल्या नर्सताईंनी सांगितलं, हे द्रव्य मूत्राशयाच्या भिंतीतून परत रक्तात शिरतं, म्हणून मूत्राशय भरूच द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी नळी काढल्यावर दर दोन तासांनी तिला बाहेर न्यायचे. रात्री तीनला मी तिला उचलून अंगणात नेलं, ती डोळे मिटत उभी, आणि मी तिला "कर गं राणी, कर" म्हणत होते. झाली तेव्हा त्या नर्सताईंनी वहीत वेळ लिहिली.

आणि यावर उतारा म्हणून एक औषध नाही. मी सारखी विचारत होते, काही अँटिडोट नाही का. नाही. काढता येईल तेवढं काढायचं आणि उरलेलं शरीराबाहेर जाईपर्यंत हृदय आणि मेंदू सांभाळायचे.

नवखा_पालक | मंगळवार, रात्री ११.३१

सगळ्यांना आधी सांगतो, तो ठीक आहे. इंजेक्शन दिल्यावर पाच मिनिटांत उलटी झाली. तीनदा. सगळी कोकोची, चिखलासारखी घट्ट. मग चारकोल दिला, त्याचं तोंड, छाती, डॉक्टरांचा कोट, माझा शर्ट, सगळं काळं. ठोके १३० आहेत, ईसीजी लावलाय, सलाईन चालू आहे. रात्रभर ठेवून घेतायत. मी आवारातच बसलोय.

डॉक्टरांनी विचारलं, घरी काही पाजलंत का. नाही म्हणू शकलो. पेला माझ्या हातात होता हो.

जुनाजाणता | मंगळवार, रात्री ११.३८

बाळा, काहीतरी खाऊन घे. रात्र मोठी असते.

भटकभवानी | मंगळवार, रात्री ११.४०

रडायलाच आलं. रानजाई, काल तू हे लिहिलं नसतंस तर...

नवखा_पालक | बुधवार, सकाळी ७.०५

रात्री दोनला ठोके १६० पर्यंत चढले होते, थोडा तळमळला. मग उतरले. आता ११०. मला बघून अंगावर आला, सुई निघायची वेळ आली होती. दुपारी सोडतील म्हणाले.

घरी आल्यावर काय बघायचं?

प्राणिवैद्य | बुधवार, सकाळी ७.४०

छान. शी काळी होईल, घाबरू नका, चारकोल आहे. पाणी भरपूर ठेवा, दोन-तीन तासांनी बाहेर न्या. आजचा दिवस धावपळ, चेंडू काही नको.

ठोके मोजायला मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, मांडी पोटाला मिळते तिथे बोटं ठेवा. तो झोपलेला असताना १५ सेकंद मोजा, चारने गुणा. पुन्हा १४० च्या वर राहायला लागले, थरथर दिसली, किंवा हिरड्या फिक्या-निळसर वाटल्या तर परत न्यायचं.

चॉकलेट खाल्लेल्यांना, मिल्क किंवा पांढरं असलं तरी, चरबीमुळे दोन-तीन दिवसांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तुमच्याकडे पावडर होती, चरबी कमी, म्हणून ही काळजी थोडी कमी. काजळने मात्र वडी खाल्ली होती. रानजाई, ती पुढचे पाय खाली टेकून मागचा भाग वर करून उभी राहते का? जेवण नाकारते का? पोटाला हात लावला तर आखडते का? तसं दिसलं तर थांबू नका. आणि चांदीचा कागद किती गिळला होता, ते कळलं का?

रानजाई | बुधवार, सकाळी ८.१०

काल सकाळी शीमध्ये कागदाचे दोन तुकडे निघाले, नखाएवढे. जेवण पूर्ण संपवते आहे, डॉक्टरांनी दिलेलं कमी चरबीचंच. पोट दाबून बघितलं, उलट कुशीवर वळली, खाजव म्हणून. शुक्रवारपासून पाचवा दिवस आहे, तरी रविवारपर्यंत मी नजर ठेवणार.

एक केलंय, कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. फ्रिजच्या दारावर एक कागद लावलाय. वर तिचं वजन, शेजारी ते कधी केलं ती तारीख. (वजनकाट्यावर आधी तिला घेऊन उभं राहायचं, मग एकटं, वजाबाकी.) खाली दिवसाच्या दवाखान्याचा नंबर आणि त्याखाली रात्री उघड्या असणाऱ्याचा, पत्त्यासकट. त्या रात्री तो नंबर शोधण्यात माझी अकरा मिनिटं गेली होती, फोनमध्ये नंतर बघितलं.

बॅग आता दाराच्या वरच्या खुंटीला असते.

नवखा_पालक | बुधवार, दुपारी ४.२०

घरी आलो. गाडीतून उतरला, पायरीवर शू केली, आत गेला, ओट्याखाली जाऊन त्याच जागेचा वास घेत उभा राहिला. बायकोने फरशी तीनदा पुसली आहे. पावडर आता वरच्या कपाटात, झाकणाच्या डब्यात.

वजन लिहून फ्रिजवर लावलं. ७.१ किलो.

प्राणिवैद्य | बुधवार, संध्याकाळी ६.०५

त्याच कागदावर एक ओळ वाढवा, दोघांनीही: मीठ नाही, दूध नाही, तेल नाही. घरात त्या वेळी तुम्ही नसाल, दुसरं कुणी असेल.

रानजाई | बुधवार, संध्याकाळी ६.३०

वाढवली. लाल पेनने.